रायवळ हेझलनट: बर्फाच्या मुलखात टिकणारी संकरित झाडं लावण्याची पूर्ण रीत

पहिल्यांदा लावलेली सहाही झाडं मी सहाव्या वर्षी मुळासकट काढून टाकली. मार्च महिना होता. कुंपणाशी बर्फाचे मळके ढीग अजून उरले होते, आणि फांद्यांवर पान नसल्यामुळे साल लख्ख दिसत होती. सालीतून वर आलेले काळे फोड दिसले. उडदाच्या दाण्याएवढे, शिवणीच्या टाक्यांसारखे एका रेषेत, हातभर लांब. रोपं घेतली तेव्हा लेबलवर ‘हायब्रीड’ असं ठळक छापलेलं होतं, आणि मी त्या एका शब्दावर विसंबले होते.

आम्ही दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये राहतो. मूळ गाव सिंधुदुर्गात, घरची काजूची बाग. त्यामुळे ‘आपण कवचाच्या फळातले’ अशी एक घमेंड होतीच. ती सहा झाडांबरोबर गेली. त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम आणि ईशान्य भागात अंगण किंवा अर्धा-एक एकर जमीन असलेल्या मराठी माणसांना ते थेट कामाचं आहे. महाराष्ट्रात मात्र हे झाड लावायच्या फंदात पडू नका. हेझलला शेकडो तासांची खरी थंडी लागते आणि महाबळेश्वरची गुलाबी थंडी त्यासाठी पुरत नाही. भारतात हेझल आहे, पण हिमालयात. हिमाचलच्या पांगी खोऱ्यात त्याला ठांगी म्हणतात.

आधी ‘हायब्रीड’ या शब्दाचा घोळ

आपल्याकडे हायब्रीड म्हटलं की हायब्रीड ज्वारी किंवा कापूस डोळ्यांसमोर येतो. पिशवी फोडली, पेरलं, की सगळं शेत एका उंचीचं. ते जमतं कारण त्या बियाण्याचे आईबाप पिढ्यान् पिढ्या शुद्ध केलेले असतात. हेझलचं तसं नाही. इथे ‘हायब्रीड हेझलनट’ म्हणून जे रोप मिळतं, ते बहुतेक वेळा दोन जातींच्या, कधी तीन जातींच्या, अनेक पिढ्यांच्या सरमिसळीतून आलेल्या बीपासून वाढवलेलं असतं. एकाच आईच्या झाडाखालच्या दहा बियांची दहा वेगळी झाडं होतात. कोकणी माणसाला एका शब्दात सांगायचं तर हे रायवळ आहे, बाठ्यापासून उगवलेल्या आंब्यासारखं. आणि नाव असलेली, कलमाने किंवा ऊतिसंवर्धनाने वाढवलेली जात म्हणजे हापूस, म्हणजे कलमी. पुढचं सगळं नियोजन तुम्ही रायवळ लावताय की कलमी यावर ठरतं.

सरमिसळ कशाची ते बघा. युरोपियन हेझल, म्हणजे तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून येऊन जगभरच्या चॉकलेटात जातो तो. फळ मोठं, कवच पातळ, पण इथल्या रोगापुढे हतबल आणि कडाक्याच्या थंडीत कच्चा. दुसरा अमेरिकन हेझल. रानातलं आठ-दहा फुटी झुडूप, फळ हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं, कवच जाड. पण उणे 35 अंशातही निवांत उभा राहतो, आणि रोगाबरोबर हजारो वर्षं नांदलेला आहे. पहिल्याचं फळ आणि दुसऱ्याचा चिवटपणा एका झाडात आणायचा, हा सगळा खटाटोप आहे. तो नवाही नाही. विस्कॉन्सिनच्याच रिव्हर फॉल्स इथे कार्ल वेश्के यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे संकर केले, आणि 1970 च्या दशकाच्या शेवटापासून मिनेसोटात फिलिप रटर यांनी हजारो रोपं लावून त्यांतली निवडून काढली. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रायवळ रोपांचं कूळ या दोघांपर्यंत पोचतं.

रोग कसा चालतो

रोगाचं नाव ईस्टर्न फिल्बर्ट ब्लाइट. ही एक बुरशी आहे, शास्त्रीय नाव अ‍ॅनिसोग्रामा अनोमाला, आणि ती फक्त हेझलवरच जगते. वसंतात कळ्या फुटून कोवळे शेंडे वाढायला लागतात, त्याच पावसाळी दिवसांत तिचे बीजाणू उडतात आणि कोवळ्या शेंड्यातून आत शिरतात. मग काहीच दिसत नाही. वर्ष-दीड वर्ष ती सालीखाली गुपचूप पसरते, आणि मग एके दिवशी ते काळे फोड ओळीने वर येतात. म्हणजे तुम्हाला चट्टा दिसतो तेव्हा लागण जुनी झालेली असते. पुढे चट्टा दर वर्षी दोन्ही बाजूंना वाढतो, फांदीला वेढा घालतो आणि वरचा भाग वाळतो. युरोपियन झाड काही वर्षांत खलास.

अमेरिकन हेझलवर हीच बुरशी एखादा बारीक व्रण करून थांबते, आणि त्याच्या आधाराने इथल्या रानात कायम टिकून राहते. म्हणूनच पूर्व अमेरिकेत युरोपियन हेझलच्या बागा कधी उभ्याच राहिल्या नाहीत, आणि सगळा धंदा रॉकी पर्वतापलीकडे ऑरेगनमध्ये गेला. तिथेही रोग गाठलाच. 1986 मध्ये तो विलामेट खोऱ्यात सापडला. नशीब असं, की ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांना ‘गॅसवे’ नावाच्या एका जुन्या, फळाच्या दृष्टीने भिकार पण परागासाठी ठेवलेल्या जातीत एकाच जनुकाची प्रतिकारशक्ती सापडली. ‘यामहिल’, ‘जेफरसन’ या तिथल्या जाती त्यातूनच आल्या.

ऑरेगनमधली ही यशोगाथा वाचून आपण पूर्वेला बसून ‘जेफरसन’ मागवायची, ही चूक कितीतरी जणांनी केली आहे. पश्चिमेत बुरशी बाहेरून आलेली, त्यामुळे तिच्यात फारशी विविधता नाही. पूर्वेत ती मूळची, तिचे नाना वाण. एका जनुकाची भिंत न्यू जर्सीतल्या वाणांनी ओलांडली. तेव्हा रोपवाटिकेत ‘रोगप्रतिकारक’ ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कुठल्या गावच्या रोगाला?

रोपं मागवताना

ऑर्डर थंडीतच द्या, डिसेंबर-जानेवारीत. मार्चपर्यंत चांगला माल संपतो.

आधी तुमचा हार्डिनेस झोन, म्हणजे हिवाळी थंडीप्रमाणे पाडलेला पट्टा, बघा. झोन 4 म्हणजे हिवाळ्यातला सरासरी नीचांक उणे 34 ते उणे 29 अंश सेल्सियस, झोन 5 उणे 29 ते उणे 23, झोन 6 उणे 23 ते उणे 18. हे सरासरीचे आकडे आहेत, आणि झाड सरासरीने मरत नाही, एका रात्रीने मरतं. 2019 च्या जानेवारीअखेर आमच्याकडे पारा उणे 30 च्या खाली गेला, झोन 5 असूनही. म्हणून आपल्या झोनपेक्षा एक आकडा थंड झोनमध्ये तगणारं रोप घ्यावं असं माझं मत आहे.

झोन 6-7 मध्ये, म्हणजे न्यू जर्सी, दक्षिण पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात असाल (आणि एडिसनच्या आसपास किती मराठी घरं आहेत!), तर कलमी घ्या. रटगर्स विद्यापीठात रीड फंक यांनी 1996 मध्ये हे काम सुरू केलं आणि थॉमस मोल्नार यांनी पुढे नेलं. 2020 मध्ये तिथून ‘रॅरिटन’, ‘मॉनमाउथ’, ‘हंटरडन’, ‘सॉमरसेट’ या जाती आणि परागासाठी ‘द बीस्ट’ बाहेर आल्या. त्या न्यू जर्सीतल्या रोगाच्या तोंडी देऊन पारखलेल्या आहेत. घ्यायच्या तर किमान दोन-तीन वेगळ्या घ्या. एकाच जातीची पाच झाडं लावलीत तर नुसती पानं मोजत बसाल.

झोन 4-5 मध्ये सध्या तरी मी रायवळच लावायला सांगेन, पण घेताना रोपवाटिकेला फोन करून तीन गोष्टी विचारा. बी ज्या झाडांवरून घेतलं ती झाडं कुठे आहेत? तिथे ब्लाइट आहे का? आणि ती झाडं किती वर्षांची आहेत? ‘आमच्याकडे रोगच नाही’ हे उत्तर अभिमानाने दिलं जातं, पण ते वाईट उत्तर आहे. जिथे रोग नाही तिथे झाडाची परीक्षाच झालेली नाही. आजूबाजूच्या रानात अमेरिकन हेझल वाढतोय, रोग आहे, आणि त्यात आईचं झाड बारा-पंधरा वर्षं निरोगी उभं आहे, हे चांगलं उत्तर. माझ्या पहिल्या सहा रोपांच्या विक्रेत्याला मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

रोपं किती घ्यायची? पाच ठेवायची असतील तर पंधरा. कारण पुढे येईल.

जागा आणि माती

आठ तास ऊन, आणि पाणी न साचणारी जमीन. बाकी हेझल फार नखरे करत नाही. सामू (pH) 6 ते 7 च्या दरम्यान असला म्हणजे झालं. तरी काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसमार्फत (शेतीचा सल्ला देणारं कार्यालय) माती तपासून घ्या, फार खर्च येत नाही. निचरा बघायला फूट-दीड फूट खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर जागा बदला.

सखल जागा टाळा. थंड हवा पाण्यासारखी उताराने खाली येऊन साचते. उत्तरेकडचा उतार दिसायला वाईट वाटतो, पण तिथे झाड वसंतात उशिरा जागं होतं आणि फसव्या उष्म्याला भुलत नाही.

आणि शेजाऱ्याकडे वेडीवाकडी वळलेल्या फांद्यांचा शोभेचा हेझल आहे का बघा. तो युरोपियन असतो आणि रोगाचं आगर होऊ शकतो. शेजाऱ्याशी हे कसं बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

लावणी

उघड्या मुळांची रोपं एप्रिलमध्ये, जमीन खणता आली की लगेच. कुंडीतली किंवा नळीतली रोपं शेवटचं दव गोठून गेल्यावर, मे अखेरपर्यंत. शरदात लावू नका. जमीन गोठते-वितळते तशी ती कोवळं रोप वर उचलून फेकते.

झुडपासारखी वाढवणार असाल तर दोन रोपांत सहा फूट आणि ओळींत बारा ते पंधरा फूट अंतर. कलमी जाती एका खोडाच्या झाडासारख्या वाढवायच्या तर चहूकडून पंधरा-अठरा फूट. रायवळ मी मुद्दाम दाट लावते, कारण निम्म्याहून जास्त पुढे निघणारच आहेत.

खड्डा मुळांच्या पसाऱ्याएवढा रुंद, पण खोल नको. रोपवाटिकेत जिथवर माती होती तिथवरच आता माती यावी. खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट काही घालू नका. हे ऐकून माझ्या वडिलांनी फोनवर ‘म्हणजे काय?’ असं तीनदा विचारलं होतं. पण इथल्या भारी जमिनीत खड्डा मऊ केला की मुळं त्या मऊ गोळ्यातच फिरत राहतात आणि पाणीही तिथेच साचतं. काढलेली मातीच परत घाला, पायाने दाबा, बादलीभर पाणी द्या.

मग आच्छादन. लाकडाच्या भुग्या-चिपांचा तीन-चार इंच थर, तीन फूट रुंदीचं आळं करून. झाडं तोडणाऱ्या कंपन्या चिपा बऱ्याचदा फुकट टाकून जातात. खोडाभोवती मूठभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर थराखाली रानउंदीर हिवाळाभर साल खात बसतात.

त्याच दिवशी जाळी लावा. उद्या नको. ससे आणि उंदरांसाठी अर्धा इंच छिद्रांची लोखंडी जाळी, दोन फूट उंच, दोन इंच मातीत पुरून. हरणांसाठी बाहेरून पाच फुटी तारेचा पिंजरा. प्लास्टिकच्या उंच नळ्या मीही वापरून बघितल्या. आत रोप काठीसारखं उंच आणि लेचंपेचं वाढलं, आणि जुलैत भुंगेरे आतच पंगत मांडून बसले.

पहिली तीन वर्षं

या वर्षांत दोनच कामं: पाणी आणि गवत. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला इंचभर पाऊस झाला नाही तर रोपामागे वीसेक लिटर पाणी. आळ्यात गवत शिरू देऊ नका. हेझलची मुळं उथळ असतात आणि इथलं हिरवळीचं गवत खादाड. माझ्या दुसऱ्या लावणीत एकाच दिवशी लावलेल्या दोन ओळींपैकी जिचं गवत काढायचं राहिलं, ती तिसऱ्या वर्षी दुसरीच्या गुडघ्याएवढी होती.

नत्र पहिल्या वर्षी अजिबात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून वसंताच्या सुरुवातीला थोडं, आणि जून उलटला की बंद. उशिरा दिलेल्या नत्राने ऑगस्टमध्ये लुसलुशीत फूट येते आणि ती पहिल्याच थंडीत काळी पडते. थंडीने मेलं म्हणून ज्या झाडांची नोंद होते, त्यांतली काही खरं तर खताने मेलेली असतात.

जुलैत जपानी भुंगेरे येतात, हिरव्या-तांबूस चकाकीचे, पानांची चाळण करणारे. आपल्या हुमणीच्याच कुळातले. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून फांदी झटका. दुकानात मिळणारे गंधाचे सापळे मात्र लावू नका, ते शेजारच्यांचेही भुंगेरे तुमच्याकडे बोलावतात.

छाटणी या काळात जवळजवळ नाहीच. मोडकं, वाळकं तेवढं काढा.

मार्चमधला मोहोर

हेझलचा मोहोर फार कमी लोक पाहतात, कारण तो येतो तेव्हा कोणी बाहेरच पडत नाही. शरदात फांद्यांवर दोन-तीन इंची नर तुरे तयार होऊन हिवाळाभर कडक, आखडलेले लटकत राहतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा थोडी उबली की ते सैल होऊन लांबतात आणि पिवळी धूळ उडते. मादी फूल म्हणजे साध्या कळीच्या टोकातून निघालेले केशराच्या काड्यांएवढे लालभडक तंतू. भिंग नसलं तर जवळ जाऊन, वाकून बघावं लागतं. मधमाशीची गरज नाही, वारा पुरतो.

सगळ्यात गंमत पुढे आहे. पराग मार्चमध्ये तंतूवर पडतो, पण प्रत्यक्ष फलन होतं जूनच्या सुमाराला. मधले महिने परागनलिका तळाशी थांबून राहते आणि बीजांड मागाहून तयार होतं. त्यामुळे वसंतात मोहोर भरघोस आणि ऑगस्टात कवचं पोकळ, असं झालं तर कारण जूनच्या कोरडीत असू शकतं. जून-जुलैत पाणी चुकवू नका.

स्वतःचा पराग झाडाला चालत नाही, आणि काही जोड्या एकमेकींनाही चालत नाहीत. रायवळमध्ये प्रत्येक झाड वेगळं असल्यामुळे ही चिंता आपोआप मिटते. कलमी घेतलीत तर रोपवाटिकेकडून जोडी जुळते का ते विचारून घ्या. परागाचं झाड साठ फुटांच्या आत हवं, शक्यतो वाऱ्याच्या बाजूला.

थंडीचा फटका बहुतेक वेळा नर तुऱ्यांना बसतो. कडक झोपेत ते उणे 30 सोसतात. पण फेब्रुवारीत चार दिवस ऊब मिळून ते सैल झाले आणि पुन्हा पारा कोसळला, तर करपतात. अमेरिकन रक्त जास्त असलेल्या झाडांचे तुरे आखूड आणि सहजी न भुलणारे असतात. मार्चमध्ये फिरताना बोटांनी तुरा चुरून बघा. पिवळी पूड निघाली तर जिवंत, तपकिरी आणि ठिसूळ असेल तर गेला.

कोण राहणार, कोण जाणार

आता पंधरा रोपं का, त्याचं उत्तर. रायवळ लावणं म्हणजे निवड करण्याचं काम अंगावर घेणं. ते न करता नुसती झाडं लावली तर दहा वर्षांनी तुमच्याकडे एक जाळीदार जंगल असेल आणि खारींना सुकाळ.

मी एक वही ठेवली आहे. झाडाला क्रमांक, अॅल्युमिनियमची पट्टी, आणि वर्षातून तीनदा नोंद.

मार्चमध्ये, पान नसताना, प्रत्येक फांदी जमिनीपासून शेंड्यापर्यंत बघायची. चौथ्या वर्षापासून हे चुकवायचं नाही. काळे फोड दिसले तर टेप लावून चट्ट्याची लांबी लिहायची आणि दोन्ही टोकांना रंगाचा ठिपका द्यायचा. पुढच्या मार्चमध्ये तोच चट्टा ठिपक्यांच्या आतच असेल, कडेने साल भरून येत असेल, तर झाड सोसतंय, ठेवायचं. ठिपका ओलांडून हातभर पुढे गेला असेल, तर झाड जायचं. फोडच नाहीत अशा झाडाला लगेच पदक देऊ नका. बाग लहान आणि रोग तुरळक असेल तर ते नुसतं नशीबवान असू शकतं. सात-आठ वर्षं थांबा.

ठेवायच्या झाडाची रोगट फांदी कापताना दिसणाऱ्या चट्ट्याच्या दोन-तीन फूट खाली कापा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. कापलेलं लाकूड कळ्या फुटायच्या आत जाळा किंवा पुरा. ढिगात ठेवलेल्या फांदीवरूनही बीजाणू उडतात. बुरशीनाशक फवारून निभावता येतं, ऑरेगनमध्ये जुन्या बागा तशा सांभाळतात. पण दर वसंतात चार-पाच फवारण्या घरच्या बागेत करत बसण्यापेक्षा मी झाड बदलते.

दुसरी नोंद सप्टेंबरमध्ये, फळांची. रायवळ पाचव्या वर्षाच्या सुमारास धरायला लागतं आणि आठव्या-दहाव्या वर्षी खरं काय ते कळतं. प्रत्येक झाडाची शंभर फळं घ्या, वजन करा, फोडा, गर वेगळा तोला. गर तिसऱ्या हिश्शाहून कमी भरला तर ते झाड कवच पिकवतंय. ऑरेगनच्या कलमी जातींत तो चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या घरात असतो, तेवढी अपेक्षा इथे नको. पोकळ किती निघाली तेही लिहा.

तिसरी नोंद मे महिन्यात: किती शेंडे थंडीने वाळले. वीतभर वाळले तर चालतं, जमिनीपर्यंत वाळलं तर नाही.

माझ्या दुसऱ्या लावणीतल्या अठरांपैकी सात उरली. आठव्या क्रमांकाचं झुडूप दिसायला बेंगरूळ, पण फळ टपोरं आणि एकही फोड नाही. अकरा नंबरचं सगळ्यात देखणं होतं. ते काढताना जीवावर आलं.

जिंकलेल्या झाडाची पिल्लं

रायवळचं बी लावलं तर पुन्हा रायवळच. आठ नंबरसारखंच झाड हवं तर फुटव्यांना भर द्यावी लागते. हिवाळ्याच्या शेवटी झुडपाचा एक भाग जमिनीलगत कापा. जूनच्या मध्याला नवे फुटवे दोन फुटी झाले की खालची पानं काढा, बुडाशी तारेचा वेढा जरा करकचून घाला, वेढ्याच्या वर मुळं फुटायचं संजीवक लावा, आणि लाकडाच्या भुशाची फूटभर भर द्या. भुसा उन्हाळाभर ओला राहिला पाहिजे, बाकी कौशल्य काही नाही. पुढच्या वसंतात मुळ्या धरलेले फुटवे कापून वेगळे लावा. पेटंट असलेल्या नावाजलेल्या जातींवर हा प्रयोग करू नका, लेबलवर लिहिलेलं असतं.

जुनी झुडपं दाट होऊन फळं फक्त बाहेरच्या कडेला लागू लागली की मार्चमध्ये अख्खं झुडूप जमिनीसपाट करा. भीती वाटते, पण ते जोमाने फुटतं आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पुन्हा फळावर येतं. दर वर्षी एखादंच कापा, म्हणजे घरात फळ येत राहतं.

काढणी म्हणजे खारींशी शर्यत

युरोपियन हेझलचं फळ पिकलं की गळून पडतं. संकरित झुडपांत ते हिरव्या झालरीतच अडकून राहतं, त्यामुळे हातानेच तोडावं लागतं. ऑगस्टच्या शेवटापासून रोज एक फेरी. झालरीची कड तपकिरी झाली आणि आतलं फळ अंगठ्याने फिरवल्यावर सुटं फिरलं की तोडा. पूर्ण वाळायची वाट पाहिलीत तर खारी आणि ‘ब्लू जे’ नावाचे पक्षी तुमच्या आधी येतील. चार दिवस आधी, घोसच्या घोस तोडून हवेशीर पोत्यात ठेवले तरी झालर आपोआप सुटते.

पोतं जमिनीवर ठेवून मोगरीने हलकं बडवा, मग सुपात पाखडा. माझं सूप सावंतवाडीहून आलेलं आहे आणि त्याला इथे दुसरा पर्याय मला सापडलेला नाही. नंतर सगळी फळं पाण्यात टाका. तरंगतील ती बहुतेक पोकळ किंवा किडकी, बुडतील ती घ्या. जाळीवर एकाच थरात पसरून, पंखा लावून दोन आठवडे वाळवा. उष्णता द्यायची तर 38 अंशांपुढे नको, तेल खवट होतं. फोडल्यावर गर कटकन तुटला आणि आत पांढरा दिसला की झालं. कवचासकट थंड, कोरड्या जागी ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात. गर काढलात तर फ्रीझरमध्ये.

दीडशे अंशांवर बारा-पंधरा मिनिटं भाजून, गरम असतानाच पंच्यात चोळली की सालं निघतात. गुळाच्या चिक्कीत शेंगदाण्याऐवजी घालून बघा.

जमीन आंबट असेल तर चेस्टनट

सामू 5.5 ते 6.5, रेताड आणि चांगल्या निचऱ्याची जमीन असेल, तर संकरित चेस्टनटचा विचार जरूर करा. आमच्या चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडून तो रडत राहतो, म्हणून मी सोडून दिला.

त्याची कथा हेझलपेक्षा दुःखद आहे. अमेरिकन चेस्टनट पूर्वेच्या डोंगरांतलं राजवृक्ष होतं. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एक नवी बुरशी दिसली, आशियातून आलेली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत तिने तीन ते चार अब्ज झाडं संपवली. विस्कॉन्सिनमध्ये वेस्ट सालेमजवळ एका वसाहतवाल्याने एकोणिसाव्या शतकात लावलेल्या मूठभर झाडांचं मोठं बन झालं होतं, मूळ प्रदेशापासून दूर असल्यामुळे वाचलेलं. 1987 मध्ये तिथेही रोग पोचला.

चिनी चेस्टनट हा रोग बऱ्यापैकी सोसतो, त्यामुळे बाजारात मिळणारे संकर बहुतेक चिनी रक्ताचे असतात. कडक थंडीच्या भागात रोप स्थानिक बियांपासूनच वाढवलेलं घ्या. दक्षिणेत वाढवलेल्या ‘डन्स्टन’चं नाव फार ऐकाल, पण झोन 4 मध्ये मी त्याच्यावर पैसे लावणार नाही. दोन वेगळी झाडं हवीत, अंतर तीस फूट. फेब्रुवारीतल्या दुपारच्या उन्हाने नैर्ऋत्येकडची साल तडकते आणि तिथूनच बुरशी शिरते, म्हणून पहिली काही वर्षं खोडाला पाणी मिसळलेला पांढरा लेटेक्स रंग द्या. ओल साचली तर मूळकूज ठरलेली.

काढणीनंतर त्याला हेझलसारखं वाळवायला जाऊ नका. त्यात तेल जवळजवळ नाही, पिष्ट आणि निम्मं पाणी आहे. वाळला की दगड. हा सगळा कारभार फणसाच्या आठळ्यांसारखा समजा: रोज वेचा, अळ्यांसाठी 49 अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवा, पुसा, आणि छिद्रं पाडलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा. भाजण्याआधी सालीला चीर द्यायला विसरलात तर ओव्हनमध्ये फटाके वाजतात. चवसुद्धा भाजक्या आठळीचीच, जरा गोड.

यातलं काही आवडलं म्हणून सुट्टीत जाताना बी किंवा रोप बॅगेत घालून भारतात नेऊ नका. त्याला प्लांट क्वारंटाइनचा परवाना लागतो, आणि ब्राँक्समध्ये जे आलं ते असंच परदेशातून आणलेल्या रोपांबरोबर आलं होतं. भाजलेला गर न्या. माझ्या आईने तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, ‘बरा आहे, पण काजू नव्हे.’